रेषेचा उजेड, रंगाचा उजेड

ब्रायन बोलंड यांनी चितारलेलं आणि ॲलन मूर यांनी लिहिलेलं ‘द किलिंग जोक’ हे बॅटमॅनचं पुस्तक १९८८ साली आलं, तेव्हा त्यातले रंग जॉन हिगिन्स यांचे होते. वीस वर्षांनी, २००८ मध्ये, त्याची नवी आवृत्ती निघाली आणि तिला बोलंड यांनी स्वतः नव्याने रंग दिले. चौकटी त्याच, संवाद तेच, रेषाही जवळजवळ त्याच. तरी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून ठेवली की गोष्टच बदललेली दिसते. हिगिन्स यांच्या पानांवरचे जांभळे, हिरवे, नारिंगी, पिवळे रंग अंगावर येतात, ओसाड पडलेल्या जत्रेला ताप चढल्यासारखे. बोलंड यांनी सगळं थंड केलं. बॅटमॅनचा शत्रू जोकर, त्याच्या पूर्वायुष्याचे प्रसंग त्यांनी जवळपास बेरंग ठेवले आणि त्यांत एखादीच वस्तू लाल केली. पुढे पुढे ही लाली वाढत जाते. बॅटमॅनच्या छातीवरच्या वटवाघळाभोवतीचा पिवळा लंबगोलही त्यांनी काढून टाकला.

बोलंड यांनी विचार करून रंग दिलेत, आणि चित्र त्यांचं, तेव्हा तो हक्कही त्यांचाच. मला मात्र हिगिन्स यांची आवृत्ती जवळची वाटते. बोलंड यांच्या रंगांत जोकरची कातडी आणि कोटाचं कापड जास्त खरं दिसतं. हिगिन्स यांच्या रंगांत त्याच्या डोक्यात काय चाललंय ते दिसतं. ही आवड निव्वळ जुन्याच्या ओढीतून आलेली नाही. तिच्यामागे चित्रकथेत रंगाचं काम काय, हा प्रश्न आहे, आणि तो गेली बरीच वर्षं माझ्या डोक्यात घोळतो आहे.

घोळण्याचं कारण माझा व्यवसाय. बेळगावात उद्यमबागेकडच्या एका प्रेसमध्ये मी छपाईच्या आधीचं काम करते. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, कुंद्याचे आणि काजूचे बॉक्स, मंडळांचे अहवाल, सगळं माझ्या स्क्रीनवरून प्लेटवर जातं. चार रंग, चार प्लेटा: निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा. डोळ्याला भिंग लावून छापील कागद पाहिला की चित्र विरघळतं आणि उरतात नुसते ठिपके. शहापूर-वडगावच्या विणकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, तिसरा रंग कुठल्याच धाग्यात नसतो. तो बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. छपाईतला रंगही तसाच तयार होतो.

अमेरिकेतल्या जुन्या सुपरहिरो कॉमिक्सच्या रंगांचा हिशेब असाच ठिपक्यांचा होता, आणि तो फार तोकडा होता. पिवळा, तांबडा, निळा या तीन शाया. प्रत्येकीच्या चारच पायऱ्या: शून्य, २५, ५० आणि १०० टक्के. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे एकूण ६४ रंग. रंग देणारा कलाकार चित्राच्या लहान छायाप्रतीवर पाण्यासारख्या पातळ रंगांनी नमुना रंगवायचा आणि प्रत्येक जागेवर रंगाची खूण लिहायचा, एक अक्षर आणि एक आकडा. तो नमुना जायचा कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी. तिथे हे काम करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक पायरीसाठी वेगळी पारदर्शक फिल्म घेऊन, कुठे ठिपके यायचे आणि कुठे नाहीत, ते त्या हाताने भरत बसायच्या. पानामागून पान, अंकामागून अंक. लेखक, चित्रकार, शाई करणारा यांची नावं हळूहळू अंकावर छापून यायला लागली. या बायकांची कधीच आली नाहीत. सुपरमॅनचा लाल झगा म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा त्यांचे हात येतात. माझं काम त्यांच्याच कामाचं पुढचं रूप आहे, आणि माझ्याकडे तेच करायला माऊस आहे.

कागद म्हणजे वर्तमानपत्राचा. भुरकट, शाई पिणारा. त्यावर नाजूक रंग टिकत नाही. ठिपका पसरतो आणि सगळं एक छटा गडद होतं. म्हणून ठळक रंग लागायचे. १९३८ चा सुपरमॅन निळा-लाल-पिवळा आहे, कारण हे रंग त्या कागदावर खणखणीत उठतात. मग नायकांनी मूळ रंग वापरले म्हटल्यावर खलनायकांच्या वाट्याला हिरवा आणि जांभळा आला, आणि पाच वर्षांच्या मुलालाही अक्षर न वाचता कोण कोणाच्या बाजूचा ते कळू लागलं. १९६२ मध्ये हल्कचा पहिला अंक निघाला तेव्हा तो करड्या रंगाचा होता. करडा रंग छपाईत धड बसेना, पानापानावर वेगळा दिसू लागला, आणि दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. आज जगभरच्या पोरांना हल्क म्हटलं की हिरवाच आठवतो, तो यंत्राच्या या अडचणीमुळे. फँटमचे जनक ली फॉक यांच्या मनातला फँटमही करडाच होता म्हणतात. १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पुरवणीत तो जांभळा छापला गेला. इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा.

आमच्यासाठी तो वेताळ, आणि जांभळाच.

टाइम्स ऑफ इंडियाचं इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. त्याच्या मराठी अंकांवर आमच्यासारख्या कितीतरी सीमाभागातल्या मुलांचं बालपण गेलं. पण बेळगावात कॉमिक्स एका भाषेत कधीच मिळत नसत. कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे लष्करी अधिकाऱ्यांच्या घरून आलेले इंग्रजी अंक, स्टेशनवर राज कॉमिक्सचे हिंदी नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव, शहापुरातल्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानात मराठी वेताळ. शेजारची माझी मैत्रीण कन्नड माध्यमात होती. तिला मराठी बोलता यायचं, वाचता येत नसे. मला इंग्रजी अंकांतलं निम्मं कळत नसे. आम्ही दोघी एकाच अंकावर डोकी लावून बसायचो आणि जे अक्षरांतून कळायचं नाही ते चित्रांतून काढायचो. तिने मला दाखवलेली गोष्ट अजून आठवते. एका पानावर मारामारीची एक चौकट आख्खी लाल होती. माणसं लाल, भिंत लाल, आकाश लाल. “बघ,” ती म्हणाली, “इथं त्याला राग आलाय.” रागाचा एक शब्दही त्या चौकटीत नव्हता.

तेव्हा ते नुसतं जाणवलं. पुढे कळलं की ही जुन्या कलरिस्टांची, म्हणजे रंग देणाऱ्यांची, ठरवून केलेली भाषा होती. १९५० च्या आसपास ईसी कॉमिक्समध्ये रंग देणाऱ्या मेरी सेव्हरिन आख्खी चौकट एकाच रंगात बुडवायच्या. एखादं भयंकर दृश्य गडद निळ्यात गेलं की ते एकाच वेळी झाकलंही जायचं आणि जास्त भीतिदायकही व्हायचं. गर्दीच्या चित्रात मागची सगळी माणसं एका फिक्या जांभळ्यात आणि पुढचा एकटा पूर्ण रंगात, की नजर बरोबर त्याच्यावर. पार्श्वभूमी एका चौकटीत पिवळी, पुढच्यात हिरवी, त्याच्या पुढच्यात लाल. खोली तीच, भिंतीचा रंग तीनदा बदलला, आणि वाचणाऱ्याला ते खटकतही नाही, कारण बदलतो आहे तो प्रसंगाचा सूर. ६४ रंगांत माणसाची कातडी खरी दिसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे रंगाला खरं दिसण्याचं ओझं नव्हतं. तो गोष्ट सांगायला मोकळा होता.

खरं दिसवण्याचं काम रेषेकडे होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. पेन्सिलीच्या चित्रावर शाई करणारा माणूस नुसती बाह्यरेषा ओढत नाही. उजेड कुठून येतो ते तो ठरवतो. ज्या बाजूला सावली, तिथे रेष जाड. उजेडाच्या बाजूला ती बारीक होत होत तुटते. दंडाचा गोलवा दाखवायला तो कुंचल्याने पिसासारखे फटकारे मारतो. काळे भरीव भाग पानभर अशा जागी ठेवतो की नजर त्यांच्यावरून उड्या मारत पुढे जाते. काळे केस काळे भरून मध्ये चमकेसाठी कोरी जागा सोडतो, तिथे निळा येतो. म्हणून सुपरमॅनचे केस निळसर. सुपरहिरो कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी यांच्या पानांवर आकाशातली ऊर्जा म्हणजे काळ्या ठिपक्यांचे घोळके, आणि त्यांच्या चित्रांवर शाई करणारे जो सिनॉट यांच्या शाईत ते इतके भरीव की सपाट पिवळ्या किंवा गुलाबी रंगावर नुसते ठेवले तरी ते उकळतात. म्हणजे पान रंगाकडे जायच्या आधीच त्यात ऊन-सावली पुरी झालेली असते. रंगाने फक्त सपाट पसरायचं आणि त्या रेषेला जागा द्यायची.

१९९० मध्ये फोटोशॉप आलं. १९९२ मध्ये मार्व्हल ही कॉमिक्सची मोठी कंपनी सोडून निघालेल्या चित्रकारांनी इमेज कॉमिक्स काढलं, आणि चकचकीत कागद व संगणकाचे रंग ही त्यांची ओळख झाली. कागद पांढराशुभ्र, शाई पृष्ठभागावर राहणारी, आणि ६४ रंगांच्या जागी लाखो छटा. एवढी ताकद एकदम हातात आली की माणूस ती वापरणारच. त्या दहा-बारा वर्षांतली बरीच पानं बघताना मला आजही श्वास कोंडल्यासारखं होतं. प्रत्येक स्नायूवर गोलवा, प्रत्येक पट्ट्यावर धातूची चमक, बोटांतून निघणाऱ्या किरणांभोवती तेजोवलय, ढगांत आणखी ढग. शाईवाल्याने उजेड डावीकडून ठरवलेला असतो आणि रंगवाला उजवीकडून चमक टाकतो. एका चेहऱ्यावर दोन सूर्य उगवतात. रेषेने जे एकदा सांगितलं तेच रंग पुन्हा सांगतो, तेही वेगळं, आणि दोघांच्या आवाजात पात्र काय करतंय ते ऐकू येत नाही.

हे फक्त सौंदर्याचं नाही, छपाईचंही आहे. आमच्या मशीनवरचे मामा परवा एका कॅलेंडराचा पहिला ताव हातात घेऊन माझ्याकडे आले. मी रात्रीच्या देखाव्यात निळ्यावर निळा चढवत गेले होते. “ताई, स्क्रीनवर बरं दिसालंय खरं, कागदावर नुसतं काळं पडालंय बघा.” स्क्रीन स्वतः उजळते, कागदाला बाहेरचा उजेड लागतो. चारही शाया एकावर एक चढल्या की कागदाचा पांढरेपणा मरतो, आणि छापील रंगातला उजेड म्हणजे तो पांढरेपणाच. आजची कितीतरी कॉमिक्स कलरिस्टाच्या पडद्यावर तेजस्वी असतात आणि छापून आली की चिखल होतात. सपाट रंगात ही भीती नसते. दोन शायांचा रंग दोन शायांचाच राहतो.

खरी पंचाईत होते जुन्या पानांची. मूळ फिल्म पुष्कळदा राहिलेल्या नसतात. जुने रंग जसेच्या तसे चकचकीत पांढऱ्या कागदावर छापले तर ते किंचाळतात, कारण ते भुरकट कागदाचा हिशेब धरून निवडलेले होते; कागद त्यांना एक पायरी खाली आणणार हे कलरिस्टाला माहीत होतं. म्हणून पुनर्मुद्रण करणारा प्रकाशक म्हणतो, नव्यानेच रंग देऊ. त्याची अडचण मला कळते, मी रोज तसल्याच अडचणीत असते. पण त्यातून पुढे जे होतं त्याने जीव तुटतो. नील ॲडम्स यांनी १९७० च्या आसपासच्या आपल्या बॅटमॅनच्या कथा २००३ पासून नव्या रंगांत आणल्या. चित्रकार तेच, हात तोच, तरी त्या पानांवर मूळ कुंचल्याचा खडबडीतपणा गुळगुळीत रंगाखाली दबतो. पावसात भिजलेली गॉथमची, म्हणजे बॅटमॅनच्या शहराची, गल्ली १९७० मध्ये दोन निळ्यांत भागायची आणि अंगावर काटा यायचा. आता तीत प्रत्येक वीट दिसते.

माझ्या मते साधा उपाय कागद बदलण्याचा आहे. चमक नसलेला, थोडा पिवळसर, शाई पिणारा कागद घ्यावा आणि जुने ६४ रंग आहेत तसे ठेवावेत. महाग पडत नाही. आर्ट पेपरपेक्षा स्वस्तच पडतो. ग्राहकाला मात्र जाड पुस्तक म्हणजे चकचकीत पुस्तक हवं असतं, आणि आमच्याकडे लग्नपत्रिका करायला येणारी मंडळीही हेच म्हणतात.

संगणकाविरुद्ध माझं काही नाही, हे कळावं म्हणून स्टीव्ह ऑलिफ यांचं नाव घेते. कात्सुहिरो ओतोमो यांची ‘अकिरा’ ही चित्रकथा जपानात काळ्या-पांढऱ्यात आली होती. १९८८ पासून मार्व्हलच्या एपिक विभागाने ती अमेरिकेत रंगीत काढली, आणि ऑलिफ यांनी ते रंग संगणकावर दिले. फोटोशॉप बाजारात येण्याच्याही आधी. ओतोमोंची रेष बारीक, सारख्या जाडीची, सावली फारशी न सांगणारी. तिथे रंगाला बोलायला जागा होती. शहराच्या रात्रीचे दिवे, धुराचे थर, आकाशाचा हळूहळू बदलणारा रंग हे सगळं ऑलिफ यांनी रंगातून आणलं आणि रेषेशी कुठे भांडण झालं नाही. १९९२ मध्ये कलरिस्टासाठीचा आयस्नर हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो त्यांनाच.

आणि मग गेल्या काही वर्षांतली माणसं. डेव्ह स्ट्युअर्ट यांच्या पानांवर संगणक शोधावा लागतो. माइक मिन्योला यांच्या भरीव काळ्याशेजारी ते एक सपाट लाल ठेवतात आणि हात काढून घेतात. ‘हॉकआय’ या मालिकेच्या २०१२ च्या अंकांत डेव्हिड आहा यांच्या काटकसरी चित्रांना मॅट हॉलिंग्सवर्थ यांनी जांभळ्याच्या मोजक्या छटा दिल्या, आणि त्या अंकांचं पान दुरून ओळखू येतं. जॉर्डी बेलेअर चौकट एका रंगात बुडवायला कचरत नाहीत. यांच्यापुढे लाखो रंग आहेत, तरी ते मूठभर निवडतात. माझ्या मैत्रिणीने जी लाल चौकट मला दाखवली होती, ती या लोकांनी परत आणली. आजच्या पद्धतीतही पहिली पायरी सपाटच असते: एक जण प्रत्येक आकारात साधा सपाट रंग भरून देतो, आणि मुख्य कलरिस्ट त्यावर ऊन-सावली चढवतो. कितीतरी पानं त्या पहिल्या पायरीवरच थांबवायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

बेळगावात राहून या गोष्टीकडे जास्त लक्ष जातं, कारण आमचं गाव चित्रकारांचं. के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली इथे माणसं घडली. इथेच जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याकडे शिकले आणि पुढे देशातले नावाजलेले बोधचित्रकार झाले. परांजपे यांचं छापील काम मी प्रेसवालीच्या नजरेने बघते तेव्हा जाणवतं की रंगांची रेलचेल असूनही कोणता आकार पुढे आणि कोणता मागे, यात कधी घोटाळा होत नाही. तशीच शिस्त गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्यांच्या हातात होती. शिवजयंतीच्या चित्ररथांमागचे पडदे रंगवणारे एक काका मला माहीत आहेत. आकाशाला एक रंग, किल्ल्याला एक, त्याच्या सावलीला एक, आणि रात्री दिव्यांत, धुळीत, गर्दीच्या पार मागे उभ्या असलेल्या माणसालाही किल्ला दिसायचा. आता त्या जागी फ्लेक्स आहे. त्यातले पुष्कळ माझ्याच टेबलावरून जातात. ढगांतून किरण, तलवारीवर चमक, मागे ज्वाळा, ज्वाळांत पुन्हा चेहरा. वीस पावलांवरून काही कळत नाही. मी शक्य तिथे एक-दोन थर काढून टाकते आणि मंडळाच्या पोरांना शेजारी ठेवून दोन्ही दाखवते. कधी पटतं, कधी नाही.

माझा भाचा खानापूरहून इथे ॲनिमेशन शिकायला येतो. टॅब्लेटवर त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सराईत चालतो. त्याचं म्हणणं, “मावशी, तुझे डोळे कागदाचे आहेत. आम्ही अंक फोनवर वाचतो. तिथे उजेड मागून येतो, मग चमक का नको?” या मुद्द्यात दम आहे. मागून उजेड असलेल्या काचेवर छटा मरत नाहीत, आणि आजचा चित्रकारही आता तसा विचार करून रेष मोकळी ठेवतो. तेव्हा मी त्याला सांगितलं, आजचं पान आजच्या रंगात कर, पण कर्बींचं एक पान सरावाला घे. आम्ही एका पानाचे रंग काढून टाकले, नुसती शाई ठेवली, आणि मी त्याला जुन्या ६४ रंगांचा तक्ता दिला.

पहिल्या दिवशी तो चिडला. मग पात्रांचे कपडे भरले, मागची यंत्रं एका फिक्या निळ्यात टाकली, आणि पान उभं राहिलं. नंतर त्याने मला न विचारता आकाशात, जिथे कर्बींनी काहीच काढलेलं नव्हतं तिथे, वरून खाली जांभळ्याचा एक हलका उतार दिला. मी बराच वेळ पाहिलं. तो उतार बरोबर होता. रेष तिथे गप्प होती, रंगाला बोलायला मोकळीक होती. मी तो ठेवायला सांगितला. काळ्या ठिपक्यांच्या घोळक्यामागे तेजोवलय असावं की नाही, यावर मात्र आमचं अजून जुळलेलं नाही. त्याच्या मते वलयाने ठिपके जास्त पेटतात. मी म्हणते, ते सिनॉट यांच्या शाईत आधीच पेटलेले आहेत, मागे सपाट पिवळा राहू दे. पुढच्या आठवड्यात दोन्ही पानं आमच्या मशीनवर भुरकट कागदावर छापून बघायचं ठरलं आहे, आणि मामांनी त्यासाठी उरलेला न्यूजप्रिंट बाजूला काढून ठेवलाय.